जपानी जावयाचा आवाज

तहसील कचेरीच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीच्या परीक्षेस बसण्याचा योग आला नाही. तथापि या जिल्ह्यातील कित्येक पदवीधर मंडळी आपल्या अर्जाचा मसुदा माझ्याकडूनच करून घेतात. हे मी बढाई म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. वारसाच्या नोंदी, रस्त्याच्या तक्रारी, रेशनकार्डातील नावे, जन्माचे दाखले, अशा अनेक कामी माझी लेखणी उपयोगी पडली आहे. परंतु जे प्रकरण आज लिहीत आहे, ते कोणत्याही कचेरीत दाखल झाले नाही.

ज्या वृद्ध गृहस्थांकडे मी हा धंदा शिकलो, ते जुन्या वळणाचे, उर्दू आणि मोडी दोन्ही जाणणारे होते. अर्जदारास संपूर्ण मजकूर मोठ्याने वाचून दाखविल्याखेरीज त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता. आपलीच कैफियत परक्याच्या तोंडून ऐकताना माणसाचा चेहरा बदलतो. कोणी म्हणतो, एवढे कडक नको. कोणी अर्जच मागे घेतो. हा नियम मी आजतागायत पाळला आहे.

फक्त वाचणारा बदलला. धुळीत बसून वर्षानुवर्षे वाचल्याने माझा घसा उत्तरोत्तर बसत गेला. तेव्हा संगणक घेतला आणि लिहिलेला मजकूर बोलून दाखविणारी एक सोय त्यावर शोधून काढली. मजकूर चौकटीत टाकायचा, भाषा निवडायची, आवाज निवडायचा आणि बटण दाबायचे. प्रारंभी त्या यंत्रातल्या मराठी बाईच्या आवाजाने सातबाऱ्याच्या उताऱ्याचे वाचन ‘सात भागिले बारा’ असे केले, आणि समोरचा शेतकरी घाबरून म्हणाला, “आमच्या जमिनीला भागीदार कोण आला?” पुढे मी आकडे अक्षरी लिहू लागलो. अशा रीतीने त्या यंत्रास मी आमच्या कामाला वळविले, आणि आवारात माझे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले. त्या यादीत जगातील अनेक भाषा होत्या. त्यांचा मला उपयोग होईल असे कधी वाटले नव्हते.

करमाडकडचे एक गृहस्थ माझ्याकडे अधूनमधून येत. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, घरची थोडी मोसंबीची बाग राखणारे. इंजिनाच्या आवाजावर बोलण्याची सवय असल्याने ते साधी चौकशीही ओरडूनच करीत. मी त्यांना भाऊ म्हणतो. ते मला मुन्शीजी म्हणतात. त्यांची मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेऊन, शहरातल्या एका शिकवणीत जपानी भाषा शिकून, जपानमधील एका वृद्धाश्रमात कामाला गेली होती. एके दिवशी दुपारी भाऊ आले ते हसत हसतच.

“मुन्शीजी, पोरीचं जमलं. तिकडंच. जपानी हाय.”

“आणि आपली संमती?”

“आधी नव्हती. म्हणलं, पोरगं बोलतंय कसं ते ऐकल्याबगर मी व्हय म्हणणार नाय. मग तिनं हे पाठवलं. ऐका.”

त्यांनी मोबाइल माझ्या कानाशी धरला. आतून एका पुरुषाचा स्वच्छ, भारदस्त आवाज आला. शब्द एकही कळला नाही. परंतु मधे एकदा ‘कारुमादो’ असे काहीसे आले, आणि भाऊंनी माझ्या दंडावर थाप मारली.

“करमाड! आमच्या गावाचं नाव घेतलं त्यानं! आवाज हाय का न्हाई? सगळ्या भावकीला ऐकवला. फुलंब्रीचं एक स्थळ मी मोडलं होतं, ते पोरगं नुसतं पुटपुटायचं. ज्याचा आवाज पडका, त्याच्या घरात काय राम असणार?”

मुलगी किंवा मुलगा पाहावयास गेले म्हणजे आमच्याकडे नाव, गाव, शिक्षण विचारतात, ते काही माहिती मिळविण्यासाठी नव्हे. माहिती आधीच असते. माणूस बोलतो कसा, अडखळतो काय, हे ऐकायचे असते. भाऊंनी ती रीत परदेशापर्यंत नेली होती, एवढेच.

त्यांचे काम असे होते. तिकडे विवाहाची नोंद करण्यासाठी मुलगी अविवाहित असून वडिलांची विवाहास हरकत नाही, असे प्रतिज्ञापत्र हवे होते. मी शेजारच्या बाँडवाल्या चाचांकडून मुद्रांक घेतला आणि मजकूर टाइप केला. सोबत भाऊंनी त्या जपानी मुलाचे विनंतीपत्रही आणले होते. मूळ जपानी मजकूर त्यांच्या मोबाइलवर होता, आणि त्याखाली मुलीने केलेले मराठी. मी ते मराठी त्यांना वाचून दाखविले. मुलगा त्याच आश्रमाच्या स्वयंपाकघरात होता. ज्यांना चावता येत नाही अशा म्हाताऱ्यांसाठी मऊ जेवण करीत असे. वडील नाहीत. आई गावी संत्र्यासारख्या फळांची बाग सांभाळते.

“बागायतदार हाय,” भाऊ म्हणाले. “म्हणजे आपलेच.”

पुढे लिहिले होते की काही वर्षांपूर्वी घशाचे मोठे दुखणे झाले होते, आता प्रकृती उत्तम आहे. “टॉन्सिल असंल,” भाऊ म्हणाले, आणि मीही पुढचे वाचू लागलो. शेवटी विनंती होती: आपल्या कन्येशी बोलताना मला कधी थकवा येत नाही, आपण परवानगी द्यावी. सोबतच्या फोटोत मुलगा गळ्याला जाडसर रुमाल गुंडाळून उभा होता. थंडीचा देश, असे आम्ही दोघांनी ठरवून टाकले.

यानंतर मी म्हणालो, “भाऊ, मराठी ऐकले. आता मूळ मजकूरही ऐकू. ज्या कागदावर विसंबून आपण शपथ घेणार, तो कानावरून गेलाच पाहिजे.”

“पण कळणार काय त्यातलं?”

“न कळो. नियम आहे.”

खरे सांगावयाचे तर नियमाबरोबर थोडी हौसही होती. आवारात जपानी मजकूर बोलून दाखविणारा माझ्याखेरीज कोणी नव्हता. रांगेत उभी असलेली माणसे माना वर करून पाहू लागली होती. मी तो मजकूर संगणकावर घेतला. त्या लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. चौकोनी, गच्च भरलेली अक्षरे एकमेकांस चिकटून उभी असतात, आणि कोठे थांबावे हे आपणांस समजत नाही. यंत्रास मात्र समजते. भाषांच्या यादीतून जपानी निवडली. पुरुषांचे दोन आवाज होते. पहिला निवडला आणि बटण दाबले.

आवाज सुरू झाला. पहिल्या वाक्यालाच भाऊंच्या चेहऱ्यावरील हसू थांबले. तोच स्वच्छ, भारदस्त आवाज. वाक्य संपताना तसाच हळूच खाली उतरणारा. आणि थोड्या वेळाने, त्याच ठेक्यात, ‘कारुमादो’.

भाऊंनी आपल्या मोबाइलवरचा आवाज पुन्हा लावला. टेबलाच्या एका बाजूने आणि दुसऱ्या बाजूने एकच माणूस बोलत होता.

चाचा आपल्या खुर्चीवरून ओरडले, “अरे मुन्शी, ये तो वोइच आवाज है! दामाद तो तुम्हारे डब्बे में बैठेला है!”

रांग हसली. कोणी म्हणाले, “भाऊ, वरात कशात काढणार? चार्जर घेऊन ठिवा!”

भाऊ माझ्याकडे पाहत होते. अशा वेळी माणसे माझ्याकडेच पाहतात. कागदात काय आहे ते मी सांगावे, अशी त्यांची अपेक्षा असते. मी सांगितले, “भाऊ, हा माणसाचा आवाज नव्हे. हा यंत्रातला तयार आवाज आहे. कोणासही मिळतो.”

तिन्ही वाक्ये खरी होती. मधले एकटेच म्हटले असते तरी काम भागले असते, असे मला आता वाटते.

भाऊंनी तेथूनच मुलीस व्हिडिओ फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. दोघे कामावरून सुटून आश्रमाबाहेरच्या बाकावर बसलेले दिसले. गळ्याला तोच रुमाल बांधलेला मुलगा हसून वाकला. त्याच्या हातात मोबाइल होता. त्याने त्यावर बोटे चालविली, आणि तो आवाज आला. ओठ मिटलेले होते.

“बाई,” भाऊ म्हणाले, “हे काय चाललंय? कुणाला फशिवताय? त्याला म्हणावं, मशीन बंद कर अन् तोंड उघडून बोल.”

“बाबा, ऐका तरी—”

“तोंड उघडून बोल म्हणावं! चार माणसं बघून राह्यलीत इथं!”

मुलीने भाषांतर केले नाही. परंतु भाऊंचा सूर आणि पाठीमागचे हसणे कोणत्याही देशात समजले असते. मुलाने तिच्याकडे पाहिले. मग मोबाइल मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी रुमाल सोडला, आणि मान किंचित वर केली. गळ्याच्या खालच्या बाजूस एक छिद्र होते, आणि श्वासाबरोबर त्याच्या कडा हलत होत्या.

चाचांनी “या अल्ला” म्हणून मान फिरविली.

“घशाचा कॅन्सर होता,” मुलगी म्हणाली. “डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली. म्हणून तो लिहितो आणि फोन बोलतो. तोच त्याचा आवाज आहे, बाबा. मी त्याला भेटले तेव्हापासून तोच आहे.”

“तू मला सांगितलं नाय.”

“घशाचं लिहिलं होतं त्यानं. तुम्ही काय विचारलंत? आवाज कसा आहे, तेवढं विचारलंत. मी ऐकवला.”

फोन बंद झाला. मुलगा त्या वेळी रुमाल परत बांधीत होता, एवढे मला दिसले.

मी प्रतिज्ञापत्र पुढे सरकविले नाही, आणि भाऊंनी मागितले नाही. ते उठले. “भावकीला काय सांगू मी?” म्हणाले, आणि सही न करता गेले. त्या दिवशी त्यांना थांबवून चार शब्द सांगावेत, असे माझ्या मनात येऊन गेले. परंतु सही करा अथवा करू नका, हे सांगणे अर्जनवीसाचे काम नव्हे, असे मी मानीत आलो आहे. मी पुढच्या माणसाचा अर्ज घेतला.

त्यानंतर ते आवारात दिसेनासे झाले. मी मात्र त्या यंत्राचा आवाज पूर्वीसारखा ऐकू शकलो नाही. कोणाच्या अर्जाचे वाचन सुरू झाले की वाटे, हीच मराठी बाई कोठेतरी, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात, जेवण झाले का म्हणून विचारीत असेल. मी ज्यास सोय समजत होतो, ते दुसऱ्या कोणाचे सर्वस्व असू शकते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. एवढ्या अर्जदारांची गाऱ्हाणी लिहूनही आले नव्हते.

दसरा होऊन गेल्यावर भाऊ पुन्हा आले. आवाज उतरलेला, गालावर दाढीचे खुंट. खुर्ची ओढून बसले.

“मुन्शीजी, ते प्रतिज्ञापत्र करा. मी सही करतो.”

ते आपण होऊन सांगू लागले. मुलगी आता फक्त आईशी बोलत असे. आईने तिला विचारले होते, अशा माणसाबरोबर घरात कसं गं वाटतं? तेव्हा ती म्हणाली होती, मी भाजी करीत असायचे, तो टेबलापाशी बसून दिवसभराचं सांगत असायचा. कोणत्या आजोबांनी काय खाल्लं, कोणती आजी रुसली. पाठ फिरवून ऐकलं तर घरात माणूस बोलतोय, एवढंच वाटायचं.

“हे मला मालकिणीनं सांगितलं,” भाऊ म्हणाले. “मग मी बागेत जाऊन ते जुनं ऐकलं. लई येळा ऐकलं. मशीन असंल का काय असंल. पण करमाड म्हणायला तर त्यानंच लावलं ना त्याला? आपल्या हातानं लिहूनच लावलं असंल ना?”

मी होय म्हणालो. मुद्रांक नवा घेतला, मजकूर नवा टाइप केला, वाचून दाखविला, या वेळी माझ्याच बसलेल्या घशाने. सही करण्यापूर्वी भाऊ म्हणाले, “आधी तिला सांगतो. खूश होईल.” त्यांनी फोन लावला. पुष्कळ वेळाने तो उचलला गेला.

“बाई, मी मुन्शीजीकडं आलोय. सही करतोय बघ.”

ती म्हणाली, “आता नको, बाबा.”

“का गं? रागावली का?”

“रागवायचं काय त्यात? तो इथं नाही आता. आईच्या गावी गेला, तिथल्या आश्रमात काम घेतलं.”

“म्हणून काय झालं? बोलव की त्याला. मी बोलतो त्याच्याशी.”

“तो बोलत नाही, बाबा.” तिचा आवाज सरळ होता, त्याचाच मला अधिक त्रास झाला. “त्या दिवसापासून त्यानं फोनमधून बोलणं सोडलं. खिशात एक छोटी पाटी असते, तिच्यावर लिहून दाखवतो. मी म्हटलं, तुझा आवाज ऐकायचाय मला. त्यानं लिहिलं, तो माझा नाही, सगळ्यांचा आहे. मग माझ्याशी लिहायचंही कमी केलं.”

तो माझा नाही, सगळ्यांचा आहे. ‘कोणासही मिळतो’ हे माझे वाक्य त्या दिवशी फोन लागण्यापूर्वीच बोलून झाले होते. ते तिकडे पोहोचण्याचा काही मार्ग नव्हता. त्याने ते आपले आपणच, आमच्या हसण्यातून काढले असावे. तरीही मी संगणकाकडे पाहू शकलो नाही.

फोन ठेवल्यावर भाऊ म्हणाले, “मुन्शीजी, तुम्ही लिहा. चांगलं लिहा, जड जड शब्दांत. त्याचं जपानी करा आन् मशीनला बोलायला लावा. त्याला कळलं पाहिजे की मी चुकलो.”

मी लिहिले. ‘आपला अवमान झाला, त्याबद्दल निम्न सहीदार अंतःकरणपूर्वक दिलगीर आहे’, येथपर्यंत लिहून झाले. जपानी भाषांतरही संगणकाने करून दिले. मग आवाज निवडण्याची वेळ आली आणि माझा हात थांबला. पहिला आवाज त्याचा होता. त्याचाच आवाज घेऊन त्याची क्षमा कशी मागावी? दुसरा लावून पाहिला. तो एखाद्या तरण्याताठ्या बातमीदारासारखा होता. त्यात भाऊंचे काहीही नव्हते.

“हे मी नाय,” भाऊ म्हणाले.

“भाऊ, आपणच बोला. मराठीत. कन्या त्यांना सांगतील अर्थ.”

त्यांनी मोबाइल तोंडाजवळ धरला. बस चालविणारा तो माणूस एवढ्या हळू बोलू शकतो, हे मला ठाऊक नव्हते. “पाव्हणं,” ते म्हणाले, आणि थांबले. “मी करमाडहून बोलतोय. तुमचा आवाज लई चांगला हाय. मला पयल्यापासून आवडला होता. मी गावभर ऐकवला. मग लोकं हसले तं मला लाज वाटली, अन् ती मी तुमच्यावर टाकली. बोलत ऱ्हा तुम्ही. पोरीशी तरी बोलत ऱ्हा.” एवढे बोलून त्यांनी ते मुलीकडे पाठविले. माझा मसुदा तसाच पडून राहिला. त्यात एकही चूक नव्हती.

काही दिवसांनी ते उत्तर घेऊन आले, म्हणजे उत्तर काय समजावे हे विचारण्यासाठी आले. मुलगी सुटी घेऊन, गाडीने त्या मुलाच्या गावी गेली होती. माझ्यासमोर त्यांनी तिला पुन्हा फोन लावून तेच पुन्हा विचारले, बहुधा मी साक्षीदार असावा म्हणून.

“ऐकलं का त्यानं?”

“ऐकलं, बाबा. मी समोर बसून ऐकवलं. अर्थ सांगितला.”

“मग? काय म्हणला?”

“पुन्हा लावायला लावलं. मग मान लववली आणि कामाला गेला.”

“फोन काढला का खिशातून?”

“नाही.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा मोबाइलकडे. “बाई, त्यांच्यात मान लववणं म्हणजे व्हय असतं का नाय असतं?”

“दोन्ही नसतं, बाबा,” ती म्हणाली. “ऐकलं, एवढंच असतं.”